आकडा कोणाचा? गोडाऊनच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

वेअरहाऊस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, म्हणजे सगळे ज्याला डब्ल्यूएमएस म्हणतात ते, घेतल्यानंतर ईआरपी (खरेदी, विक्री, हिशोब सांभाळणारं कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर), ट्रान्सपोर्ट, वेबसाइट, कन्व्हेयर या बाकीच्या मंडळींशी त्याचं जुळवायचं कसं, यावर यावेळी बरेच प्रश्न आलेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच, डेमोमध्ये सगळं मस्त चाललं होतं आणि आता आकडे जुळत नाहीत. त्यातले काही प्रश्न घेतलेत, थोडे छाटून.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे ईआरपी आधीपासून आहे, डब्ल्यूएमएस नुकतंच घेतलं. एका आयटमचे ईआरपीत १०० नग दिसतात आणि डब्ल्यूएमएसमध्ये ८५. अकाउंटवाले म्हणतात आमचं बरोबर, गोडाऊनवाले म्हणतात आमचं. नेमकं खरं कोणाचं? (एक स्टोअर मॅनेजर)

दोघांचंही बरोबर असू शकतं. आधी एवढंच बघा की दोन्ही स्क्रीनवर तुम्ही जो कॉलम बघताय तो एकच आहे का. ईआरपीतले १०० म्हणजे बहुतेक मालकीचा एकूण स्टॉक, आणि डब्ल्यूएमएसमधले ८५ म्हणजे आत्ता उचलता येतील असे नग. मधले १५ कुठे गेले, तर समजा १२ क्वालिटी तपासणीसाठी होल्डवर आहेत आणि ३ डॅमेज रॅकवर पडलेत. माल तोच, फक्त मोजायची तऱ्हा वेगळी. अशा भांडणात पहिला तास हा कॉलम तपासण्यातच घालवा, अर्धी भांडणं तिथेच संपतात.

उरलेली वेळेची असतात. गाडी लागली, ४० नग उतरवले, स्कॅन झाले, पण अजून डॉकवरच, म्हणजे गाडी उतरवायच्या फलाटावरच आहेत, रॅकला गेले नाहीत. डब्ल्यूएमएसला ते दिसतायत. ईआरपीला कधी कळवायचं? उतरवल्यावर लगेच, की पुटअवे झाल्यावर, म्हणजे रॅकला लावून झाल्यावर? उतरवल्यावर कळवलं तर सेल्सवाला ते लगेच विकायला काढणार आणि पिकरला, म्हणजे माल उचलून आणणाऱ्याला, मात्र तो माल कुठल्याच बिनमध्ये (रॅकच्या खणात) सापडणार नाही. पुटअवेनंतर कळवलं तर सप्लायरचं बिल लटकतं आणि खरेदीवाले ओरडतात. यात एकच उत्तर बरोबर असं नाही, पण एक उत्तर ठरवून कागदावर लिहिलेलं असायला हवं आणि सगळ्यांना ते माहीत असायला हवं, आणि शक्य असेल तर मधला मार्ग आहेच, उतरवल्यावर ईआरपीत नोंद करा पण 'विक्रीसाठी नाही' अशा स्टेटसने, पुटअवे झालं की स्टेटस मोकळं.

आता मुख्य मुद्दा. इंटिग्रेशनचं काम सुरू करायच्या आधी एक यादी बनवा, कुठली माहिती कोणाच्या ताब्यात. आयटमचं नाव, कोड, खरेदीची ऑर्डर, विक्रीची ऑर्डर, किंमत हे ईआरपीचं. माल कुठल्या बिनमध्ये आहे, कुठल्या बॅचचा, कोणी उचलला, कुठल्या पॅलेटवर चढवला हे डब्ल्यूएमएसचं. गाडी कुठली, मार्ग कुठला, भाडं किती हे ट्रान्सपोर्टच्या सिस्टीमचं. प्रत्येक गोष्टीला मालक एकच, बाकीच्यांकडे तिची फक्त कॉपी, आणि कॉपीवाल्याने ती बदलायची नाही. मजा म्हणजे काही गोष्टींचा मालक आपल्याला वाटतो तो नसतो. खोक्याचं वजन आणि माप सगळे ईआरपीच्या मास्टरमध्ये भरतात, खरेदी विभागातल्या कुणीतरी सप्लायरच्या पत्रकावरून टाइप केलेलं असतं ते, आणि खरा वजनकाटा असतो गोडाऊनमध्ये. म्हणून वजन-मापाची मालकी डब्ल्यूएमएसला द्या आणि तिथून ते मागे ईआरपीला जाऊ द्या.

आणि एक कळकळीचं सांगणं, रोज रात्री दोन्हीकडचा स्टॉक ताडून बघणारा रिपोर्ट काढा, पण फरक दिसला की ईआरपीने आपोआप डब्ल्यूएमएसचा आकडा घेऊन टाकायचा असलं काही करू नका. दिसायला फार सोयीचं वाटतं, सकाळी सगळं हिरवं दिसतं, पण मग कुठला मेसेज हरवतोय, कुठे कोण चुकीचं स्कॅन करतंय, कुठे माल खरंच गायब होतोय, हे कधीच कळत नाही. फरकाला कारण लागलं पाहिजे, आणि कारण माणसाने टाकलं पाहिजे.

प्रश्न : सॉफ्टवेअरवाला म्हणतो "आमच्याकडे एपीआय आहे, काळजी करू नका". आमचा जुना सप्लायर ईडीआय मागतोय आणि ट्रान्सपोर्टवाला फक्त एक्सेलची फाइल पाठवतो. कुठल्या मार्गाने जायचं?

तिन्ही मार्गांनी, कारण समोरच्याला तुम्ही बदलू शकत नाही. एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी थेट बोलायची सोय. "एपीआय आहे" या वाक्याचा अर्थ फक्त एवढाच की दार आहे. आत कुठल्या खोल्या आहेत ते विचारा. ऑर्डर टाकता येते का, रद्द करता येते का, अर्धवट पिक झालेली माहिती परत मिळते का, काही घडलं की सिस्टीम स्वतः कळवते की आपणच दर मिनिटाला जाऊन विचारायचं, तासाला किती कॉल चालतात आणि मर्यादा ओलांडली तर ४२९ एरर (फार विनंत्या आल्या) देऊन थांबवतात का. याची उत्तरं लेखी घ्या.

ईडीआय, म्हणजे ठरावीक साच्यातले मेसेज कंपन्यांनी एकमेकींना पाठवायची पद्धत, तिला जुनाट म्हणून नाक मुरडू नका. गोडाऊनच्या कामासाठी त्यात मेसेज आधीच ठरलेले आहेत. अमेरिकेत चालणाऱ्या एक्स१२ या ईडीआयच्या साच्यात ९४० म्हणजे गोडाऊनला माल पाठवायची ऑर्डर, ९४५ म्हणजे "पाठवला, एवढा एवढा पाठवला" हे उत्तर, ९४४ म्हणजे आलेल्या मालाची पावती, ९४७ म्हणजे स्टॉकमधली दुरुस्ती, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना. संयुक्त राष्ट्रांच्या एडिफॅक्ट या साच्यात याच आगाऊ सूचनेला डेसअ‍ॅड्व्ह म्हणतात. तुम्ही उद्या अगदी नवा एपीआय लिहायला बसलात तरी शेवटी याच पाचसहा गोष्टी पाठवणार आहात, तेव्हा ही यादी चेकलिस्ट म्हणून समोर ठेवलेली बरी. फक्त एक, ९९७ ही पोच आली म्हणजे समोरच्याने ऑर्डर स्वीकारली असं नाही. फाइल मिळाली, तिची रचना वाचता आली, एवढंच तिचं म्हणणं. आत भलताच आयटम कोड असला तरी ९९७ येतेच.

फाइलने देवाणघेवाण करायची असेल तर बिनधास्त करा, रात्रीच्या मास्टर अपडेटला फाइल काही वाईट नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली, फाइल अर्धी लिहून झालेली असतानाच समोरच्याने उचलली तर ८०० ओळींपैकी ५०० च जातात, आणि एररही येत नाही, कारण ५०० ओळींची फाइल ही बरोबरच फाइल आहे. म्हणून आधी वेगळ्या तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली की नाव बदलायचं, आणि शेवटच्या ओळीत एकूण ओळींची संख्या टाकायची.

दुसरी गोष्ट एक्सेल. पॅलेटवर तिची ओळख म्हणून जो १८ अंकी एसएससीसी नंबर असतो तो एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडला की एक्सेल पहिले १५ अंक धरतं आणि पुढच्या तिघांची शून्यं करून टाकतं. आता या नंबरचा शेवटचा अंक चेक डिजिट (बाकीचे अंक बरोबर आहेत का ते तपासायचा) असतो आणि त्याच्या आधीचे अंक पॅलेटगणिक एकेकाने वाढत जाणारे, म्हणजे शेवटचे तीन गेले की ओळीने छापलेल्या शंभर पॅलेटांचा नंबर एकच होऊन बसतो. कुणीतरी "जरा बघतो" म्हणून सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली, सवयीने सेव्ह केली आणि पुढे पाठवली की झालं, आख्खी गाडी डॉकवर उभी. शून्याने सुरू होणाऱ्या आयटम कोडचं तेच, सुरुवातीचं शून्य गळून पडतं. ट्रान्सपोर्टवाल्याला सांगा की कोडचे कॉलम टेक्स्ट म्हणूनच ठेवायचे, आणि तुमच्याकडे फाइल आत घेताना अंकांची लांबी आणि चेक डिजिट तपासा. तो काही ऐकणार नाही, म्हणून तपासणी तुमच्याकडे हवीच.

प्रश्न : आमच्याकडे एकाच ऑर्डरचा माल दोनदा गेला, तोही एकदा नाही, महिन्यात अनेकदा. ईआरपीवाले म्हणतात आम्ही ऑर्डर एकच पाठवली. डब्ल्यूएमएसमध्ये मात्र दोन दिसतात. हे भूत कुठलं?

भूत नाही, टाइमआऊट आहे. काय घडतं बघा. ईआरपीने ठीक १० वाजता ऑर्डर पाठवली. डब्ल्यूएमएसने ती घेतली, नोंद केली, पण त्या वेळी त्याच्यावर लोड होता म्हणून "मिळाली" हे उत्तर द्यायला त्याला ४० सेकंद लागले. ईआरपीचा धीर ३० सेकंदांचा. त्याने धरून चाललं की पोचली नाही, आणि पुन्हा पाठवली. डब्ल्यूएमएसला वाटलं नवीन ऑर्डर, त्याने तिला आपला नवा नंबर दिला. दोन्ही बाजू खरं बोलतायत, ईआरपीच्या लेखी ऑर्डर एकच आहे. तुमच्याकडे हे दिवसाच्या ठराविक वेळीच होतं का बघा, कट-ऑफच्या (त्या दिवशीच्या ऑर्डरी घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या) आधी जेव्हा सगळ्या ऑर्डरी एकदम सुटतात तेव्हाच होत असणार.

टाइमआऊट ३० चा ६० करून हे मिटत नाही, फक्त कमी वेळा होतं. खरा इलाज असा की प्रत्येक मेसेजला पाठवणाऱ्याने एक कायमचा ओळख नंबर द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच नंबर वापरायचा, आणि घेणाऱ्याने तो नंबर आधी आलाय का बघायचं. आलेला असेल तर नवीन ऑर्डर न बनवता आधीचंच उत्तर पुन्हा द्यायचं. आयटीवाले याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक बंधन (तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊच न देणारं) घाला, नुसत्या कोडमधल्या तपासणीवर राहू नका, दोन मेसेज एकाच क्षणी आले तर दोघंही तपासणीतून सुटतात.

इथे एक खड्डा आहे. घाईघाईत लोक ऑर्डर नंबरच ओळख म्हणून धरतात. मग एका ऑर्डरचा माल दोन हप्त्यांत पाठवायचा असतो, दुसरा हप्ता येतो आणि डब्ल्यूएमएस म्हणतं ही तर आधीच झाली, आणि माल जातच नाही. आधी दोनदा जात होता, आता अर्धाच जातो. म्हणून ओळख डिलिव्हरीची किंवा मेसेजची हवी, ऑर्डरची नाही.

प्रश्न : आमच्या वेबसाइटवर माल "उपलब्ध" दिसतो, गिऱ्हाईक पैसे भरतं आणि गोडाऊनमध्ये माल नसतो. डब्ल्यूएमएस दर ५ मिनिटांनी स्टॉक वेबसाइटला पाठवतं, तरीही हे होतंच. आता दर मिनिटाला पाठवू का? (ऑनलाइन विक्री बघणारी वाचक)

दर सेकंदाला पाठवलंत तरी होईल, कारण तुम्ही चुकीचा आकडा पाठवताय. डब्ल्यूएमएसला माहीत असतं की रॅकवर किती आहेत. विकायला किती आहेत हे त्याला माहीत नसतं, कारण जी ऑर्डर वेबसाइटवर झालीय पण त्याच्यापर्यंत अजून आलेलीच नाही ती त्याला दिसणार कुठून?

समजा रॅकवर १० नग आहेत. वेबसाइटवर गेल्या पाच मिनिटांत ४ विकले गेले, तिथे ६ दिसतायत, बरोबर आहे. त्या ४ च्या ऑर्डरी अजून पेमेंट तपासणीत अडकल्यात, गोडाऊनला पोचल्या नाहीत. तेवढ्यात डब्ल्यूएमएसचा नेहमीचा अपडेट येतो, १०. वेबसाइट मुकाट्याने ६ चे १० करते. आता ते ४ नग दुसऱ्यांदा विकायला मोकळे. आणि हेच जर तुम्ही आणखी दोन ठिकाणी विकत असाल, एखादं मार्केटप्लेस वगैरे, तर सगळीकडे हाच खेळ एकाच वेळी चालू.

तर विक्रीयोग्य आकडा काढायचं काम एका जागी द्या, ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टीम असेल तर तिच्याकडे, नसेल तर ईआरपीकडे. तिने रॅकवरचा आकडा डब्ल्यूएमएसकडून घ्यायचा, त्यातून सगळ्या ठिकाणच्या अजून न पाठवलेल्या ऑर्डरी वजा करायच्या, होल्ड आणि डॅमेज वजा करायचं, थोडा राखीव ठेवायचा आणि उरेल ते सगळ्या दुकानांना सांगायचं. डब्ल्यूएमएसने थेट वेबसाइटशी बोलायचंच नाही.

आकडा पाठवायची पद्धतही बघा. "३ कमी झाले" असं फरक पाठवणं जलद आहे, पण एक मेसेज हरवला की तो आयटम कायमचा चुकला. "आता ७ आहेत" असा पूर्ण आकडा पाठवला तर हरवल्याने बिघडत नाही, पुढचा मेसेज दुरुस्त करतो, मात्र उशिरा पोचलेला जुना मेसेज नव्या आकड्यावर येऊन बसू शकतो, म्हणून प्रत्येकाला चढता क्रमांक द्या आणि हातातल्यापेक्षा जुना क्रमांक आला तर फेकून द्या. वेळेचा शिक्का वापरणार असाल तर सगळीकडे यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) धरा, नाहीतर जिथे हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे घेतात तिथे तो एक तास दोनदा येतो आणि त्या तासात कुठला मेसेज आधीचा ते ठरवताच येत नाही.

मी असते तर दिवसभर पूर्ण आकडा, बदललेल्या आयटमपुरता, आणि रात्री शांत वेळी सगळ्या आयटमचा एकदा, असं ठेवलं असतं.

प्रश्न : ईआरपीत बॉक्स, डब्ल्यूएमएसमध्ये नग. १० ऐवजी २४० गेले. हसू नका प्लीज.

हसत नाही, हे सगळीकडे होतं. नियम एकच, दोन सिस्टीममध्ये जाणारा प्रत्येक आकडा मूळ युनिटमध्ये, म्हणजे सगळ्यात लहान जे मोजता येतं त्यात, आणि त्याच्यासोबत युनिटचा कोड लिहिलेला. नुसते "१०" कधीच जाऊ देऊ नका. एका बॉक्समध्ये २४ हा हिशोब एकाच मास्टरमध्ये ठेवा, दोन्हीकडे हाताने भरू नका. आणि सप्लायरने पॅकिंग बदलून २४ चे २० केले की बॉक्सला नवा बारकोड घ्या. जुन्याच बारकोडवर २० केलंत तर रॅकवर जे २४ वाले बॉक्स पडलेत ते एका क्षणात कागदावर २० चे होतात, आणि मग वर्षअखेरीच्या मोजणीत "जास्तीचा माल सापडला" म्हणून सगळे खूश.

प्रश्न : ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज जातो, तरी माल निघून जातो. सेल्स आणि गोडाऊनची रोज भांडणं.

रद्द करणं ही विनंती आहे असं दोन्ही बाजूंनी मानलं की बरंच शांत होतं. ईआरपीने "रद्द" पाठवलं आणि स्वतःकडे लगेच रद्द करून टाकलं, हीच चूक. त्याने "रद्द करायची आहे" असं विचारायचं, आणि डब्ल्यूएमएसने हो किंवा नाही असं सांगायचं, ते उत्तर आल्यावरच ईआरपीने पुढचं करायचं. पिकिंग सुरू झालं नसेल तर सरळ हो. माल उचलून पॅक झाला असेल तर हो, पण परत रॅकला लावायचं काम तयार होईल, आणि तो स्टॉक लावून झाल्यावरच मोकळा होईल. गाडीत चढला असेल तर नाही, आता रिटर्न म्हणूनच येईल. ही रेषा नेमकी कुठे ते गोडाऊनने ठरवायचं, सेल्सने नाही, कारण पॅक झालेल्या ढिगातून एक खोकं शोधायला माणूस कोणाचा जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

ऑर्डरमध्ये बदल करण्याचं तर आणखीच अवघड. माझा सल्ला, पिकिंग सुरू झाल्यावर बदल घेऊच नका, रद्द करून नवीन घाला.

प्रश्न : ट्रान्सपोर्टची सिस्टीम आधी चालली पाहिजे की डब्ल्यूएमएस? गाडी ठरल्याशिवाय पिक करता येत नाही आणि पिक झाल्याशिवाय वजन कळत नाही.

अडचण तुम्ही अगदी नेमकी मांडलीत. उत्तर असं की माहिती दोनदा जाते. पहिल्यांदा अंदाज. ऑर्डरी आल्या की आयटम मास्टरमधल्या वजन-मापावरून ट्रान्सपोर्ट सिस्टीम गाड्या आखते, कुठल्या गाडीत काय, थांबे कुठल्या क्रमाने, आणि हे ती डब्ल्यूएमएसला सांगते. डब्ल्यूएमएस त्याप्रमाणे पिकिंग लावतं, गाडीच्या वेळेप्रमाणे आधी-नंतर, आणि लोडिंग थांब्यांच्या उलट्या क्रमाने, शेवटचा थांबा सगळ्यात आत. दुसऱ्यांदा खरं. पॅकिंग झाल्यावर प्रत्यक्ष खोकी किती, वजन किती, काय शॉर्ट गेलं, म्हणजे कमी पडलं, हे परत ट्रान्सपोर्टकडे जातं, तेव्हा भाडं आणि कागदपत्रं पक्की होतात.

म्हणूनच वर वजनाच्या मालकीवर एवढं बोलले. मास्टरमधलं माप चुकीचं असेल तर आखलेली गाडी भरल्यावर चार पॅलेट खाली उरतात आणि तेव्हा डॉकवर जी धावपळ होते ती कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही. या चार पॅलेटांचं काय, याचा मेसेजही ठरलेला असू द्या. "गाडीत बसलं नाही" हे "शॉर्ट" पेक्षा वेगळं आहे, माल तर आहे. दोन्हींना एकच कोड दिला की ईआरपी ऑर्डर बंद करून टाकतं आणि पॅलेट डॉकवरच पडून राहतात.

प्रश्न : कन्व्हेयर आणि सॉर्टर लावतोय. त्यालाही ईआरपीशी जोडायचं का?

अजिबात नको. बेल्ट सेकंदाला २ मीटर धावत असेल तर ईआरपीच्या उत्तराची एक सेकंद वाट बघेपर्यंत खोकं २ मीटर पुढे गेलेलं असतं, वळण चुकलं. मशीनच्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, सांभाळणारं कंट्रोल सॉफ्टवेअर मध्ये असतं, डब्ल्यूसीएस. डब्ल्यूएमएसने त्याला आधीच सांगून ठेवायचं की या नंबरचं खोकं या लेनला, आणि निर्णय तिथल्या तिथे व्हायचा. माहितीच नसलेलं खोकं आलं तर ते कुठल्या लेनला टाकायचं तेही आधीच ठरवा, आणि त्या लेनला एक माणूस उभा करा.

प्रश्न : सहा सिस्टीम झाल्यात. मध्ये मिडलवेअर घ्यायचं का? खर्च बराच सांगतायत.

सहा सिस्टीम एकमेकींना थेट जोडल्या तर जास्तीत जास्त १५ जोडण्या होतात, मध्ये सगळ्यांचे मेसेज पोचवणारं एक सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर, ठेवलं तर ६. हे गणित प्रत्येक सेल्समन दाखवतो आणि ते खरंही आहे, पण तुमच्या सहाही सिस्टीम एकमेकींशी बोलत नसतात, प्रत्यक्षात सातआठ जोडण्या असतील. मिडलवेअरचा खरा उपयोग वेगळा आहे. मेसेज रांगेत थांबवून ठेवता येतात, समोरची सिस्टीम दोन तास बंद असली तरी काही हरवत नाही. आणि अडलेला मेसेज बाजूला काढून, दुरुस्त करून, पुन्हा सोडता येतो. हे जर गोडाऊनच्या शिफ्ट सुपरवायझरला स्क्रीनवर दिसणार असेल, "ऑर्डर अमुक अडली, कारण आयटम कोड सापडला नाही", तर पैसे द्या. फक्त आयटीला दिसणार असेल आणि आयटी संध्याकाळी घरी जाणार असेल, तर आणखी विचार करा. दोनतीन सिस्टीम असतील तर थेट जोडा, रांग आणि लॉग तेवढी नीट ठेवा.

प्रश्न : मॅनेजमेंटला सीझनच्या आधी सगळं एकदम लाइव्ह करायचंय. थांबवावं कसं?

त्यांना हर्शी या चॉकलेट कंपनीचं १९९९ सालचं उदाहरण द्या. ईआरपी, प्लॅनिंग आणि ग्राहकांचं सॉफ्टवेअर अशा तीन मोठ्या सिस्टीम, सुमारे ११.२ कोटी डॉलरचा प्रकल्प, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं, आणि लाइव्ह झाले जुलैमध्ये, हॅलोविनच्या (ऑक्टोबरअखेरच्या सणाच्या) ऑर्डरी सुरू होण्याच्या तोंडावर. माल कंपनीकडे होता, ऑर्डरी होत्या, पण ऑर्डर वेळेत पुढे सरकून माल बाहेर पडेना. त्या तिमाहीत नफा १९ टक्क्यांनी घसरला. चॉकलेट बनवण्यात काहीच चुकलं नव्हतं.

मॅनेजमेंटने तरीही ऐकलं नाही तर निदान एवढं पदरात पाडून घ्या. एक गोडाऊन किंवा एक ग्राहक आधी, बाकी नंतर. लाइव्ह व्हायच्या दिवशी उघड्या ऑर्डरी शक्य तितक्या कमी, म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जुन्या सिस्टीममध्ये जे निघेल ते काढून टाका, अर्धी पिक झालेली ऑर्डर नव्या सिस्टीममध्ये नेणं हा सगळ्यात किचकट प्रकार आहे. स्टॉक प्रत्यक्ष मोजून नव्या सिस्टीममध्ये घाला, जुन्या सिस्टीमचा आकडा तसाच उचलू नका. आणि टेस्टिंग घाणेरड्या डेटावर करा. पत्ता नसलेली ऑर्डर, शून्य नगांची ओळ, बंद झालेला आयटम, एकच मेसेज तीनदा, रद्दचा मेसेज ऑर्डरच्या आधी पोचलेला, आणि मध्येच नेटवर्कची केबल काढून. टेस्टमध्ये सगळं हिरवं येत असेल तर टेस्ट लिहिणाऱ्याला बदला. परत जुन्यावर जायचं ठरलं तर ते किती वाजेपर्यंत शक्य आहे, आणि तो निर्णय घेणारा कोण, हेही आधीच लिहून ठेवा.

प्रश्न : सगळं नीट चालू होतं, एका रात्री अचानक सगळे मेसेज बंद. सकाळी कळलं की कुठलंतरी सर्टिफिकेट संपलं होतं. हे कोणी बघायचं?

सर्टिफिकेट म्हणजे सिस्टीमची ओळख पटवणारा, मुदत असलेला डिजिटल दाखला. ज्याच्या सर्व्हरवर ते लावलंय त्याने, पण तो बघत नाही हे तुम्हाला आता कळलंय. सर्टिफिकेट, पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या, फाइल पाठवायच्या एसएफटीपीचे लॉगिन या सगळ्यांच्या संपायच्या तारखा एका शीटमध्ये आणा आणि महिनाभर आधी दोन माणसांना आठवण जाईल असं करा, एकालाच नाही, तो रजेवर असतो. ज्याच्या नावाने लॉगिन काढलंय तो माणूस नोकरी सोडून गेला की लॉगिनही बंद होतं, म्हणून सिस्टीमसाठी वेगळं लॉगिन काढा, माणसाच्या नावाचं नको.

आणि एररची वाट बघू नका, शांततेचाही अलार्म लावा. कामाच्या वेळेत १५ मिनिटं एकही ऑर्डर आली नाही तर फोन वाजला पाहिजे. तुमच्या त्या रात्री बहुतेक हेच झालं असणार, पाठवणाऱ्याकडे एरर साठत होती आणि तुमच्या स्क्रीनवर काहीच येत नव्हतं, त्यामुळे रात्रपाळीला वाटलं आज काम कमी आहे.